दौलतजादा : लावणीच्या मागे काय आहे?

गावची यात्रा जवळ आली, की पंच देवळात बसतात. पालखी केव्हा, कुस्त्या किती, वर्गणी घरटी किती, हे ठरते. मग कोणीतरी विचारतो, "यंदा तमाशा कुणाचा आणायचा?" झाले! लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, "तमाशाशिवाय यात्रा म्हणजे मिठाशिवाय भाकरी." दुसरी म्हणते, "पैशासाठी नाचणाऱ्या बाया गावात कशाला?"

दोन्ही बाजूंची माणसे रात्री तमाशाला मात्र हजर असतात. हेही सर्वांना ठाऊक आहे.

पैशासाठी नाच म्हणजे काय? तो पैसा कोण देतो? तो जातो कुठे? आणि लावणीत जी बाई बोलते, ती खरोखर काय बोलते? या प्रश्नांचा आपण या पाठात विचार करू. कोणाची बाजू घेण्याआधी गोष्ट नीट समजून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

आधी शब्द समजून घेऊ

लावणी हे गाणे आहे. ढोलकीच्या ठेक्यावर ते म्हणतात. बाई ते म्हणता म्हणता नाचते, डोळ्यांनी, हातांनी, मानेने त्याचा अर्थ दाखवते. या दाखवण्याला अदा म्हणतात. सगळ्या लावण्या नाचून म्हणायच्या नसतात. काही बसून म्हणायच्या असतात. तिला बैठकीची लावणी म्हणतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या लावणीसाठी नावाजलेल्या होत्या. त्यांचा जन्म १९१५ सालचा. २०१२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली त्या वारल्या. शंभरी ओलांडलेली ही बाई जागेवर बसून नुसत्या डोळ्यांनी एकाच ओळीचे अनेक अर्थ दाखवीत असे.

तमाशाचे दोन प्रकार आहेत. एक ढोलकी-फड. हा गावोगाव फिरतो. त्याची कनात असते, गाड्या असतात. त्यात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असतो. वग म्हणजे नाटकच. दुसरा प्रकार संगीत-बारी. यात वग नसतो. बायांची लहान पार्टी असते. पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे असतात. ही पार्टी बहुधा एका थेटरात मुक्काम करून राहते. पुण्याचे आर्यभूषण, दौंड तालुक्यातला चौफुला, सोलापूर जिल्ह्यातले मोडनिंब, नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर) जामखेड, ही संगीत-बारीची नामांकित ठिकाणे.

आता दौलतजादा. गाणे चालू असताना समोरचा माणूस खूश होऊन नोट पुढे करतो. बाई नाचत येते, नोट घेते, मुजरा करते, परत जाते. या बक्षिसाला दौलतजादा म्हणतात. कोणी आपल्या आवडीचे गाणे मागतो आणि त्यासाठी पैसे देतो. ती फर्माईश. संगीत-बारीचे पोट मुख्यतः या दौलतजाद्यावर भरते.

गाणे बाईचे, बोल कोणाचे?

लावणी ऐकणारा पुष्कळदा एक समजूत करून घेतो. लावणीत बाई "मी" असे म्हणते. मी वाट पाहते, मी रुसले, मला शालू आणा, मला सोडून जाऊ नका. ऐकणाऱ्याला वाटते, ही बाई आपल्या मनातलेच सांगते आहे. आणि तेही मलाच सांगते आहे!

पण हे बोल लिहिले कोणी? पेशवाईतले मोठे लावणीकार पाहा. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण. होनाजी गवळी. सगनभाऊ मुसलमान. संगमनेरचे अनंत फंदी, आणखी परशराम, प्रभाकर. जात निरनिराळी, धर्म निराळा, पण सगळे पुरुष. पुढच्या काळातले पठ्ठे बापूराव हेही पुरुषच. ते सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. जन्म १८६६ सालचा. घरदार आणि कुळकर्णीपण सोडून ते तमाशात आले. पवळाबाई ही त्यांच्या फडातली गाजलेली कलावंतीण. तिच्या तोंडी त्यांचे बोल महाराष्ट्रभर गेले.

आणखी एक गोष्ट. पूर्वी तमाशात बायका नसत. मुलगे लुगडे नेसून नाचत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. म्हणजे बोल पुरुषाचे, नाचणारा पुरुष, आणि ऐकणाराही पुरुष! फक्त "मी" तेवढा बाईचा. बाया तमाशात पुढे आल्या, तेव्हा हा तयार "मी" त्यांच्या तोंडी आला.

तेव्हा पहिला अर्थ असा. लावणीतली "मी" ही नाचणारी बाई नव्हे. नाटकात एखादा नट रावण होतो. म्हणून तो घरी जाऊन कोणाची बायको पळवतो का? नाही. तसेच हे आहे. लावणीतली नखरेल बाई हे एक सोंग आहे. ते हुबेहूब वठवणे ही कला. सोंग उतरले, की ती दोन लेकरांची आई असते, म्हाताऱ्या आईबापांची लेक असते, आणि बहुधा दमलेली असते.

मागण्यातले मर्म

पुष्कळ लावण्यांत बाई काहीतरी मागते. शालू मागते, नथ मागते, बुगडी मागते. ऐकणारे हसतात. म्हणतात, "किती हावरी!" पण जरा थांबून पाहा.

बाजारात भाजीवाली ओरडते, "घ्या ताजी मेथी!" ते तिचे ओरडणे नसते, तो धंदा असतो. तसे लावणीतले मागणे आहे. ज्या बाईला ठरलेला पगार नाही, तिला प्रत्येक गाण्यात आपली मजुरी नव्याने मागावी लागते. आणि ती हसत मागावी लागते. रडून मागितले, तर कोण देईल? शेतमजूर संध्याकाळी मुकादमापाशी सरळ सांगतो, "माझी हजेरी द्या." या बाईला तसे सांगता येत नाही. तिला शालूचे नाव घेऊन भाकरी मागावी लागते.

आणि लावणीत "मला सोडून जाऊ नका" असे वारंवार येते. तेही उगीच नाही. तमाशातल्या बायांना सोडून जाणारे पुष्कळ भेटतात. बोल शाहिराचे असले, तरी त्यातले दुःख नाचणारीने भोगलेले असते. म्हणून एखादी जुनी कलावंतीण ती ओळ म्हणते, तेव्हा सारे थेटर गप्प होते. सोंगात मधूनच खरे डोकावते, ते असे.

शंभराची नोट कुठे गेली?

आता हिशेब करू. समजा, एका रात्री एका माणसाने शंभराची नोट दौलतजादा म्हणून दिली. बाईने ती घेतली. लोक म्हणतात, "बघा, एका गाण्यात शंभर रुपये! आम्हांला दिवसभर राबावे लागते."

पण ती नोट तिच्या कनवटीला जात नाही. ती आधी पेटीवर जाते. रात्र संपली, की हिशेब होतो. त्यातून थेटरमालकाचा वाटा निघतो, कारण जागा त्याची, वीज त्याची. मग पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांचे वाटे. मग पार्टीच्या मालकिणीचा वाटा. उरले ते नाचणाऱ्या बायांत वाटायचे. वाटे जागोजाग वेगळे असतात. पण पूर्ण शंभर नाचणारीला मिळाले, असे होत नाही.

तिच्या वाट्याचे जे आले, त्यातून साडी, चाळ, पावडर-कुंकू, दवाखाना. मग घरी पाठवायचे. घरी भाऊ असतात, आईबाप असतात, मुले असतात. पुष्कळ घरांत या एकटीच्या पायांवर आठ-दहा माणसे जेवतात.

ज्या रात्री गिऱ्हाईक आले नाही, त्या रात्री काहीच नाही. आणि वय झाले, की कायमचेच काही नाही. शेतकऱ्याचे शेत म्हातारपणी असते. नोकरदाराला पेन्शन असते. हिचे शेत म्हणजे तिचे पाय. ते थकले, की शेत पडीक.

फड, सुपारी आणि उचल

ढोलकी-फडाची गोष्ट थोडी निराळी. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. नाचणाऱ्या, गाणारे, सोंगाडे, वाजवणारे, कनात ठोकणारे, गाडीचालक, आचारी. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडमालक राहुट्या ठोकून बसतात. गावोगावचे पंच तिथे जातात आणि यात्रेसाठी तमाशा ठरवतात. ठरवताना विसार देतात. त्याला सुपारी म्हणतात.

पण हंगाम नसतो, तेव्हा खायचे काय? म्हणून कलावंत मालकाकडून आधी पैसे घेतात. ती उचल. उचल घेतली, की हंगामभर त्याच फडात राबायचे. हंगाम संपला, उचल फिटली नाही, तर पुढच्या साली पुन्हा तिथेच. आपल्याकडे ऊसतोड मजुरांचे असेच आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. आणि मालक तरी पैसे कुठून आणतो? तोही पुष्कळदा सावकाराकडून व्याजाने काढतो. म्हणजे कनातीत दिवे लखलखतात, पण त्याच्या तळाशी कर्ज असते.

२०२० साली करोनाची साथ आली. ऐन यात्रांच्या वेळी सारे बंद झाले. २०२१ सालीही यात्रा भरल्या नाहीत. कनाती गुंडाळून पडल्या. उचल मात्र गुंडाळली गेली नाही. ती डोक्यावर तशीच राहिली.

विठाबाई

विठाबाई नारायणगावकर हे नाव कोणी ऐकले नाही? त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. घराणेच तमाशाचे. १९६२ साली चीनशी लढाई झाली, तेव्हा सीमेवरच्या जवानांपुढे त्यांनी कार्यक्रम केले. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले.

त्यांची एक गोष्ट सारा महाराष्ट्र सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात, "काय ही कलेची निष्ठा!" निष्ठा होतीच. पण आम्ही वाचकांना विचारतो, बाळंतपणाच्या दिवशी बाईला नाचावे का लागले? आपल्या घरची लेक त्या दिवशी आपण विहिरीवर तरी पाठवू का? सुपारी घेतलेली होती. लोकांनी तिकिटे काढलेली होती. मागे फडातली माणसे जेवायची होती. निष्ठेच्या जोडीला ही गरज होती, तीही सांगितली पाहिजे.

विठाबाई २००२ साली वारल्या. अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. आज त्यांच्या नावाने सरकार तमाशा-कलावंतांना पुरस्कार देते. हे चांगलेच आहे. पण माणूस असताना विचारावे, हे त्याहून चांगले.

बापाच्या नावाचा रकाना

ज्या समाजांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आल्या, त्यांत कोल्हाटी समाज एक आहे. त्यांच्यात जुनी चाल अशी, की जी मुलगी पायात चाळ बांधते, तिचे लग्न होत नाही. कोणी पैसेवाला पुढे येतो, रक्कम देतो आणि तिला ठेवतो. याला चिरा उतरवणे म्हणत. काही दिवसांनी तो निघून जातो. मूल मात्र राहते.

ते मूल शाळेत येते. मास्तर पट उघडतात. नाव? मूल सांगते. वडिलांचे नाव? मूल खाली पाहते. आम्ही जन्मभर शाळेत काढला. असे खाली पाहणारे डोळे आम्ही पाहिले आहेत. वर्गातली बाकीची मुले हसतात, तेव्हा त्या मुलाने कोणता गुन्हा केलेला असतो?

अशाच एका मुलाने पुढे पुस्तक लिहिले. त्याचे नाव किशोर शांताबाई काळे. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे पुस्तक १९९४ साली निघाले. त्यांची आई शांताबाई तमाशात नाचत असे. किशोर शिकले, डॉक्टर झाले. बापाच्या नावाच्या जागी त्यांनी आईचे नाव लावले. बायांच्या कमाईवर घरातले पुरुष बसून खातात, हेही त्यांनी आपल्या पुस्तकात उघड लिहिले. आपल्याच माणसांबद्दल खरे लिहायला छाती लागते. २००७ साली अपघातात ते गेले.

आता काळ बदलतो आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम केला. एका रकान्याची ही गोष्ट लहान दिसते. पण ज्याला तो रकाना भरता आला नाही, त्याला विचारा.

बंदी घातली, मग काय झाले?

काही लोक म्हणतील, "एवढे दुःख आहे ना? मग हा नाच बंदच करून टाका." हाही उपाय करून झाला आहे. तो तमाशाच्या बाबतीत नव्हे, शहरातल्या दारूच्या बारमधील नाचाच्या बाबतीत. ती हकीकत ऐका.

मुंबईत आणि आसपास अनेक बार होते. तिथे सिनेमातल्या गाण्यांवर मुली नाचत. गिऱ्हाइके त्यांच्यावर नोटा उधळीत. २००५ साली महाराष्ट्र सरकारने कायदा करून हा नाच बंद केला. पण त्या कायद्यात एक मेख होती. मोठी तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना बंदी नव्हती. म्हणजे श्रीमंताच्या क्लबात नाच चालेल, साध्या बारमध्ये चालणार नाही!

बारमालक आणि नाचणाऱ्या मुली कोर्टात गेल्या. २००६ साली हायकोर्टाने ही बंदी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. २०१३ साली सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम केला. नाच तोच असताना लहान बारला एक न्याय आणि मोठ्या हॉटेलला दुसरा, हे चालणार नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. कोर्टाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बंदीमुळे हजारो बायांचे काम गेले आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना देह विकण्याची पाळी आली. ज्यांना वाचवण्यासाठी कायदा केला, त्याच खड्ड्यात पडल्या.

सरकारने २०१६ साली नवा कायदा केला. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने त्यातल्या काही जाचक अटी काढून टाकल्या. मात्र एक अट ठेवली. बाईच्या अंगावर नोटा उधळायच्या नाहीत. बक्षीस द्यायचे तर हातात द्यावे.

हा भेद फार मोलाचा आहे. हातात दिलेला पैसा ही मजुरी होते. अंगावर फेकलेला पैसा हा अपमान होतो. नोट तीच. किंमत तीच. पण देणाऱ्याचा हात बदलला, की अर्थ बदलतो.

गावाने काय करावे?

तमाशा आणावा की आणू नये, हे ज्या त्या गावाने ठरवावे. तो पैसा शाळेच्या पत्र्यांना लावला, तरी आमची तक्रार नाही. पण आणायचा ठरलाच, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी. "पाऊस आला, गर्दी जमली नाही," असे म्हणून पैसे कापू नयेत. फडातल्या बायांना कपडे बदलायला आडोसा, अंघोळीला पाणी आणि संडासाची सोय करून द्यावी. फडाबरोबर लहान मुले असतात, त्यांना सावली द्यावी. बाईच्या अंगावर कोणी नोट फेकली, हात धरला, तर पंचांनी उठून त्याला बाहेर काढावे, मग तो सरपंचाचा पोरगा का असेना.

शाळेत तमाशावाल्यांचे मूल आले, तर त्याला पहिल्या बाकावर बसवावे. ते मूल हंगामात गावोगाव फिरते, म्हणून त्याचा अभ्यास तुटतो. मास्तरांनी त्याला वेगळे बोलावून शिकवावे.

गावात म्हातारा कलावंत असेल, तर त्याला सरकारी मानधनाचा अर्ज भरायला मदत करावी. वृद्ध कलावंतांसाठी ही योजना आहे. २०२४ साली ही रक्कम दरमहा ५,००० रुपये केली आहे. ज्या हातांनी जन्मभर ढोलकी वाजवली, त्या हातांना पुष्कळदा सही येत नाही. तुम्हांला आता लिहिता येते. तेवढा अर्ज तुम्ही भरून द्या. शिकल्याचा हा उपयोग आहे.

आणि पुढच्या वेळी लावणी ऐकाल, तेव्हा नुसता ठेका ऐकू नका. ती शालू मागते आहे, त्यामागे काय मागते आहे, तेही ऐका.

वाचून झाल्यावर एकमेकांत बोला

१. दौलतजादा, फर्माईश, सुपारी, उचल या शब्दांचे अर्थ सांगा.

२. शंभराच्या नोटेतून कोणाकोणाचे वाटे निघतात?

३. तमाशातली उचल आणि ऊसतोडीची उचल यांत सारखे काय आहे?

४. पैसे हातात देणे आणि अंगावर फेकणे यांत फरक काय?

५. तुमच्या गावात कोणी म्हातारा कलावंत आहे का? त्याला मानधन मिळते का? मिळत नसेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.